चर आधी खणतात

प्रिय मुली,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचून राग आला. म्हणून चार दिवस जाऊ दिले आणि आज लिहायला बसलो.

रात्री साडेनऊला, ओटा आवरून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तू तीन आठवडे रोज अर्धा तास गप्प बसलीस. त्या अर्ध्या तासात तुला दळण आठवलं, गाडीचा हप्ता आठवला, बाळाच्या लसीची तारीख आठवली. नग मशीनवर पक्का धरून ठेवणाऱ्या तुझ्या त्या फिक्स्चरबद्दल काडीचंही सुचलं नाही. आणि त्यावरून तू निकाल लावलास, ‘सर, माझ्यात ते नाहीच बहुतेक.’ एकवीस दिवसांवरून! अगं, मशीनची कॅपॅबिलिटी बघायलासुद्धा आपण याहून जास्त नग मोजतो.

तुझ्यात ते आहे की नाही, या वादात मी पडणार नाही. तुझी ड्रॉइंगं मी तपासलेली आहेत, मला जे कळायचं ते कळलेलं आहे. मला बोलायचंय ते तुझ्या त्या अर्ध्या तासाबद्दल.

मी पारनेर तालुक्यातला. 1972चा दुष्काळ पडला तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जायचे आणि मी दुष्काळात खायला वाटत त्या सुकडीच्या रांगेत उभा राहायचो. पुढे कित्येक वर्षांनी आमच्या डोंगरावर सलग समतल चर खणले, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत लांबच लांब खड्डे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे तू शाळेच्या भिंतीवर इतक्यांदा वाचलं असशील की त्यातला अर्थच पुसला गेला असेल. त्यातलं ‘अडवा’ सगळ्यांना कळतं, ‘जिरवा’पाशी गाडी अडते. चर म्हणजे टाकी नव्हे. चरात पाणी दिसलं म्हणून तिथे कुणी कळशी घेऊन जात नाही. पळतं पाणी तिथे थांबतं, मुरतं, दिसेनासं होतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं फुकट. आणि मग उन्हाळ्यात, डोंगरापासून लांब, खाली कुणाच्या तरी विहिरीला हातभर पाणी जास्त असतं.

तू चरात कळशी बुडवत बसली होतीस.

वेळ अडवायचा आणि तो जिरू द्यायचा. वर्गात हे मी इतक्यांदा म्हणायचो की मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करायची, मला माहीत आहे. करू देत. त्या तासात काही सुचलंच पाहिजे असा हट्ट धरलास की तो तास म्हणजे आणखी एक मीटिंग, फक्त माणूस एकटा. दळण आठवलं ना? आठवू दे. गढूळ पाणी आधी येणारच.

आणि रात्री साडेनऊला का बसलीस? चरांचं काम माथ्यावरून सुरू करतात, मग पायथ्याकडे येतात. वरचं काही न करता खाली बांध घातलास तर सगळ्या डोंगराचा गाळ त्यात येऊन बसतो आणि दोन पावसात तो बांध बुजतो. दिवसाचंही तसंच आहे. रात्री साडेनऊ म्हणजे पायथा. सकाळपासूनची प्रत्येक कटकट, प्रत्येक ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज वाहून तिथे आलेला असतो. सकाळी बस. वीस मिनिटं बस, पण सकाळी, फोनला हात लावायच्या आधी. ‘सकाळी वेळच मिळत नाही’ हे तू पत्रात तीन वेळा लिहिलं आहेस. मिळत नसतोच. मलाही कधी मिळाला नाही. अडवावा लागतो.

आता माझी रिंगची गोष्ट. वर्गात मी ती अर्धीच सांगायचो, आज पूर्ण सांगतो.

पातळ भिंतीची पोलादी रिंग होती. तीन जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरून बोअर मारायचा, म्हणजे आतलं भोक कापायचं. मशीनवर असेपर्यंत बोअर गोल, चक सैल केला की आवळलेली रिंग मोकळी होऊन भोक तीन कोपऱ्यांचं व्हायचं, रिजेक्शन. गंमत अशी की मायक्रोमीटरने मोजलं तर माप बरोबर यायचं, कारण तीन कोपऱ्यांचा आकार दोन बिंदूंत मोजला की सगळीकडे सारखाच भरतो. व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून फिरवली आणि मापाची डायल लावली तेव्हा सुई नाचली. इथवर यायला तीन दिवस गेले. मग चकचा दाब कमी केला, तर रिंग कटाखाली सरकायला लागली. सॉफ्ट जॉ, म्हणजे रिंगच्या मापाला कापलेले मऊ जबडे, करून पाहिले, फरक पडला पण पुरेसा नाही. नऊ दिवस मी रोज पहाटे चिंचवडच्या घाटावर, मोरया गोसावींच्या देवळामागे, पवनेकडे बघत बसायचो आणि रोज हात हलवत परत यायचो.

श्रावणात बायकोबरोबर आळंदीला गेलो. दर्शन झालं आणि ती कासाराच्या दुकानात बसली. मी बाहेर, घड्याळाकडे बघत, वैतागलेला. कासाराने बांगड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. थरावर थर, सुतळी आतल्या भोकातून घेऊन बाहेरून आवळलेली. इतकी घट्ट, तरी एकही बांगडी वाकडी नाही, कारण दाब कडेवर होता, पोटावर नव्हता. मी तिथेच उभ्या उभ्या पावतीच्या मागे रेघोट्या मारल्या. रिंग बाहेरून आवळायचीच नाही, फेसवर, म्हणजे तिच्या सपाट कडेवर, दाबून धरायची. सोमवारी टूलरूममध्ये सांगितलं, पुढच्या आठवड्यात फिक्स्चर उभं राहिलं.

हे काही मी शोधलेलं नाही. पातळ रिंग फेसवर धरावी हे पुस्तकात असतं, मी परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण परीक्षेत लिहिलेलं वेळेला हाताशी येत नाही, त्याला खालून झिरपत यावं लागतं. आणि आलं कुठे? घाटावर नाही. कासाराच्या दुकानात, मी चिडलेला असताना. म्हणून नऊ पहाटा फुकट गेल्या म्हणायचं का? त्या नसत्या तर मला तिथे फक्त बांगड्या दिसल्या असत्या.

आँरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने 1908 साली पॅरिसच्या एका व्याख्यानात स्वतःचा असाच अनुभव सांगितला होता. काही फलनांवर, म्हणजे गणितातल्या फंक्शन्सवर, तो बराच काळ डोकं घासत होता. मग भूशास्त्राच्या सहलीला गेला, कूतांस गावी घोड्यांच्या बसमध्ये चढायला पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी त्याला उलगडलं की ती फलनं ठरवताना वापरलेली रूपांतरणं आणि अयुक्लिडीय, म्हणजे शाळेतल्याहून वेगळ्या, भूमितीतली रूपांतरणं एकच आहेत. बसमध्ये बसून त्याने आधीच्या गप्पा पुढे सुरू केल्या, पडताळा नंतर घरी जाऊन घेतला. लोक पायरी लक्षात ठेवतात. आधी टेबलाशी घातलेले दिवस विसरतात, आणि नंतरचा पडताळाही.

आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. 31 जुलै 1930ला मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला, वय एकोणीस. त्या प्रवासातल्या गणितातून निघालं की श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या, वस्तुमानाला एक मर्यादा असते. ‘बघा, बोटीवर निवांतपणा मिळाला’ असं म्हणणारे मला भेटलेत. अरे, बोटीवर शेकडो माणसं होती, निवांत सगळीच होती! त्याच्या डोक्यात आधीपासून फाउलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाचं श्वेत बटूंवरचं काम मुरत होतं. चर पावसाच्या आधी खणलेला होता. पाऊस पडल्यावर कुदळ शोधायला निघणारा माणूस मला सहन होत नाही, आणि माफ कर, पण बॉसने ‘उद्यापर्यंत नवीन कन्सेप्ट दे’ म्हटल्यावर डोळे मिटून बसणारी तूही मला सहन होत नाहीस.

असो. आवाज चढला.

चढतो, कारण मी स्वतः अकरा वर्षं हा चर बुजवून बसलो होतो. डिपार्टमेंटचा प्रमुख झालो आणि सकाळची मीटिंग माझ्या गळ्यात पडली. पडली म्हणजे मीच घेतली, कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. घाट सुटला. माझ्या वह्या अजून कपाटात आहेत. त्याआधीच्या वह्यांत रेघोट्या, खाडाखोड, बांगड्या, सगळं सापडतं. त्या अकरा वर्षांच्या वह्यांत तारखा, हजर माणसांची नावं आणि ‘पाठपुरावा’ हा शब्द. पगार वाढला, गाडी आली, पण माझ्या हातचं एकही फिक्स्चर नाही, फक्त सह्या. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कौतुकाची जी तीन कामं वाचून दाखवली ती तिन्ही त्या आधीची होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

प्रमुख होईपर्यंत मात्र मी हट्टाने वागलो, आणि त्याबद्दल मला खेद नाही. लोक माणूसघाणा म्हणायचे. शिफ्टच्या आधी कुणी घरी आलं तर मी भेटायचो नाही. साहेबालाही एकदा सांगितलं होतं की सव्वासातच्या आधी मी कंपनीचा नाही. बोलणी खाल्ली. तुला वाटतं तितकं काही बिघडत नाही त्याने.

इथे खरं तर पत्र संपवणार होतो. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य सोडवत नाही : ‘सर, तुम्हाला सोपं होतं.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद बाजूला ठेवला. माझी सव्वासहा ते सव्वासात ही वेळ म्हणजे दोन पोरांच्या शाळेची वेळ. वेणी, डबा, बूट, रिक्षा. मी घाटावर पाण्याकडे बघत असायचो आणि बायको एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने गृहपाठावर सही करत असायची. मी वेळ अडवला असं तुला तीन पानं सांगतोय. अडवला तो तिचा. आणि ती बांगड्यांची गोष्ट मी कंपनीत सांगितली तेव्हा बांगड्याही वगळल्या, तीही वगळली. ‘पहाटे घाटावर सुचलं’ असं सांगितलं. ते जास्त शोभून दिसत होतं.

तुझी बस तळेगावहून चाकणला जाते ना, मग भंडाऱ्याचा डोंगर रोज दिसत असेल. तुकोबा देहूहून तिथे जाऊन बसायचे, हे सगळे सांगतात. पण भाकरी बांधून त्यांना शोधत उन्हातान्हात डोंगर चढणाऱ्या आवलीची गोष्टही लोकांनी जपून ठेवली आहे, तिच्या पायात रुतलेल्या काट्यासकट. पूर्वी मी त्या गोष्टीत ती किती करवादायची एवढंच ऐकायचो. हल्ली काटाच दिसतो.

आता मी तरी वेगळं काय करणार होतो? तो काळ तसा होता, पगार माझा एकट्याचा होता, आणि त्या कामानेच घर... जाऊ दे. कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत, अडतीस वर्षांची.

तुझ्याकडे भाकरी घेऊन डोंगर चढणारं कुणी नाही, हे मला कळतं. म्हणून तू वेळ चोरू नकोस, माग. मी चोरला. जेवताना, सगळ्यांसमोर, किंमत सांगून माग : सकाळी सहा ते साडेसहा मी या घरात नाही, बाळ उठलं तर नवरा बघेल, डबाही तोच भरेल. सासूबाई चार दिवस बोलतील. नवऱ्याच्या डब्यात आठवडाभर भाजी सांडेल. त्या अर्ध्या तासात तुला पुन्हा दळण आठवेल, आणि भांडून घेतलेला वेळ दळणात गेला म्हणून स्वतःची लाज वाटेल. तरी उठू नकोस. आणि बसमध्ये खिडकीशी बस, कानात काही घालू नकोस. ते फुकट आहे, त्यासाठी कुणाशी भांडायला नको.

तुझा तो हाउसिंगचा, म्हणजे त्या यंत्राच्या कवचाच्या फिक्स्चरचा, प्रश्न मी अजून सोडवलेला नाही, सोडवणारही नाही. नग टेकवायच्या सहा लोकेटरनंतर तू सातवा दिला आहेस आणि नग डुलतो अशी तक्रार करतेस, एवढं फक्त दाखवून ठेवतो. वर्गातल्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे ती, तीन-दोन-एक : एका बाजूला तीन टेकू, दुसरीला दोन, तिसरीला एक. तुला येते. झिरपलेली नाही.

फोन कर, पण संध्याकाळी पाच ते सहा करू नकोस. निवृत्त झाल्यापासून तो तास हिचा आहे. गच्चीत एकटी जाऊन बसते. सुरुवातीला मी एकदा विचारलं होतं, काय सुचतं गं वर? म्हणाली, तुम्हाला काय करायचंय. तेव्हापासून विचारत नाही. आत्ता सव्वापाच झालेत, खाली कुकर लावलाय आणि तिसरी शिट्टी झाली की बंद करायचं काम माझ्याकडे आहे. दोन झाल्यात.

तुझा,
सर