सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप निघत नाही. कशी काढू आणि नवी कशी बसवू?

जुनी फेकायचीच असेल तर ब्लेडने उभी चीर द्या, सोलून निघेल. पुन्हा वापरायची असेल तर ग्रिपखाली बारीक स्क्रूड्रायव्हर सरकवा, फटीत थोडं सर्जिकल स्पिरिट (मेडिकलमध्ये मिळतं) सोडा आणि पिळत ओढा.

नवी बसवतानाही आतून स्पिरिटच लावा आणि एका दमात ढकला. मधेच थांबलात तर तिथेच अडकते. तेल-ग्रीस अजिबात नको. स्पिरिट उडून जातं, तेल नाही. मग ग्रिप हातात फिरते, तीही नेमकी उतारावर! रात्रभर सुकू द्या.

सरळ हँडलची नळी बहुधा २२.२ मिमीची असते, तरी मोजून घ्या. टोकाचं बूच विसरू नका. पडल्यावर उघडी नळी पोटात घुसू शकते, मुलांच्या सायकलीला तर ते हवंच.