‘मैत्री’वरचा हिवाळा आणि चिडचिड

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रावर वर्षभरासाठी गेलाय. हल्ली कुणाचा चमचा वाजला तरी त्याचं डोकं फिरतं म्हणे. काळजी करावी का?

उत्तर : पंचविसेक माणसं, रोज तीच तोंडं आणि जूनभर सूर्याचा पत्ता नाही. चमचा नुसतं निमित्त. मूळ बहुधा झोपेत असतं. सकाळचा उजेड नसला की झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकते; मग न्याहारी चुकते आणि माणूस एकटा पडतो. म्हणून रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच ठेवावी. उठल्यावर अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसावं, दिवा चेहऱ्यापासून ३०-४० सेंमीवर. संध्याकाळी तो लावला तर उलटाच परिणाम! दुपारनंतर कॉफी नको. जेवण पंगतीतच. स्वयंपाकाच्या पाळ्यांवरून खटके उडतात; तक्ता भिंतीवर लावला की ते बरेच कमी होतात.

घरचे तंटे त्याला फोनवर ऐकवू नका, तिथून तो काय करणार? दोन आठवडे झोप उडाली असेल, तर त्याला केंद्रावरच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. जगणं नकोसं झाल्याचं बोलला, तर त्याच दिवशी.