‘लालाकियान’ म्हणजे एक पुरुष की अनेक? बांजार भाषेतल्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बांजार म्हणजे आपल्याकडच्या बंजारा समाजाचीच बोली का?

नाही. दोन्ही नावांत सारखेपणा आहे तो फक्त कानाला. बंजारा समाजाची गोरबोली राजस्थानीच्या नात्यातली, म्हणजे मराठीचीच लांबची बहीण. बांजार भाषा इंडोनेशियातल्या दक्षिण कालिमांतानची, बांजारमासिन आणि मार्तापुरा या शहरांची, मलयच्या कुळातली. सुमात्रातल्या तंबिलाहान भागात आणि मलेशियात जाऊन वसलेले बांजार लोकही ती बोलतात. गोंधळ टाळण्यासाठी आम्ही इथे मुद्दाम ‘बांजार’ असं लिहितो.

प्रश्न : बांजारमध्ये शब्दाचा पहिलाच तुकडा दोनदा येतो असं वाचलं. तो नेमका कसा तयार होतो?

दोन रीती आहेत. एकीत अख्खा शब्द पुन्हा येतो : ‘लाकास’ म्हणजे लवकर, ‘लाकास-लाकास’ म्हणजे चला, पटापट. ‘बुजुर’ म्हणजे खरं, ‘बुजुर-बुजुर’ म्हणजे अगदी मनापासून. ‘हळूहळू’, ‘खरंखरं’ म्हणणाऱ्याला यात शिकण्यासारखं फार नाही.

खरी गंमत दुसऱ्या रीतीत आहे. मूळ शब्दाचं पहिलं व्यंजन आणि एक स्वर एवढंच घ्यायचं आणि शब्दाच्या आधी लावायचं. ‘लाकि’ म्हणजे नवरा. आधी ‘ला’ जोडा, ‘लालाकि’. शेवटी ‘आन’ हा प्रत्यय लावला की ‘लालाकियान’, म्हणजे पुरुष. ‘बिनि’ म्हणजे बायको; त्यावरून ‘बिबिनियान’, म्हणजे स्त्री.

आपल्या व्याकरणातले अंशाभ्यस्त शब्द आठवून याकडे पाहिलंत तर मात्र फसाल. ‘झाडबिड’मध्ये बदललेला भाग मागून येतो आणि ‘बि’ ठरलेला असतो. बांजारमध्ये तुकडा पुढे लागतो आणि व्यंजन मुळातलंच राहतं. शाळेतल्या संस्कृतचा लिट् लकार, म्हणजे परोक्ष भूतकाळ, आठवत असेल तर तो आकाराने जास्त जवळचा : ‘दा’चं ‘ददौ’. पण ‘गम्’चं ‘जगाम’ होताना व्यंजन बदलतं, तसं बांजारमध्ये होत नाही. शिवाय तिथे ‘अभ्यास’ (पुनरुक्तीचं संस्कृत व्याकरणातलं नाव) काळ दाखवतो, इथे पुनरुक्तीने नवा शब्द घडतो.

आता स्वराबद्दल. ‘बिबिनियान’च्या जोडीला ‘बाबिनियान’ असंही ऐकू येतं. मलयमध्ये अशा पुनरुक्तीत मुळातला स्वर न येता एक अस्फुट स्वर येतो, जसं ‘लॅलाकि’ किंवा ‘तॅतांग्गा’ (शेजारी). मलयचा हा अस्फुट स्वर बांजारमध्ये सहसा ‘आ’ होतो : तिथला ‘बॅरास’ (तांदूळ) इथे ‘बारास’, तिथली ‘ॲनाम’ ही सहाची संख्या इथे ‘आनाम’. म्हणून इथे ‘तातांग्गा’. ‘बाबिनियान’मधला ‘आ’ या रीतीचा, ‘बिबिनियान’मधला ‘इ’ मुळाचा. दोन्ही चालतात, एक चूक आणि एक बरोबर असं ठरवायला जाऊ नका.

प्रश्न : पुनरुक्ती म्हणजे अनेकवचन, असं समजावं का?

शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. ‘लालाकियान’ हा एकटा पुरुषही असतो. नवरा या नात्याच्या शब्दावरून पुरुष हा जातिवाचक शब्द बनला, एवढंच पुनरुक्तीनं केलं. ‘काकानाक’चंही (मूळ ‘कानाक’) तसंच. ‘आनाक’ म्हणजे कुणाचं तरी अपत्य, मग ते पन्नाशीचं का असेना; ‘काकानाक’ म्हणजे वयाने लहान मूल. बरीच मुलं असली की ‘काकानाकान’ म्हणतात.

अनेकत्वाचा अर्थ येतो तोही माणसांच्या शब्दांत छान दिसतो : ‘कावान’ मित्र, ‘काकावानान’ मित्रमंडळी. ‘काकावानान साबाराताआन’, म्हणजे ‘सर्व मित्रहो’, ही संबोधनाची नेहमीची पद्धत आहे.

संख्या सांगितली की मात्र नामाची पुनरुक्ती करू नका. तीन मासे म्हणजे ‘इवाक तिगा इकुंग’. ‘इवाक’ मासा, ‘तिगा’ तीन, आणि ‘इकुंग’ हा मोजणीचा शब्द, जो बांजारमध्ये माणसांनाही चालतो. तीन म्हटल्यावर अनेकत्व सांगून झालं. ‘इवाक-इवाक’ची गरज उरत नाही.

प्रश्न : ‘बाबिनि’ आणि ‘बिबिनियान’ यांत माझा गोंधळ होतो. दोन्ही पुनरुक्तीच ना?

नाही, आणि हा गोंधळ स्वाभाविक आहे. ‘बा’ हा बांजारमधला फार वापरातला उपसर्ग (मलयचा ‘बॅर’), अर्थ ‘-वान असणे, वापरणे, करणे’. ‘बाजु’ सदरा, ‘बाबाजु’ सदरा घातलेला. ‘बाबिनि’ म्हणजे बायको असलेला : ‘इन्या सुदाह बाबिनि’, त्याचं लग्न झालंय. मूळ शब्द ‘ब’ने सुरू झाला की उपसर्ग पुनरुक्तीसारखा दिसतो. ‘ता’, ‘सा’, ‘पा’, ‘का’ हे उपसर्गही असेच फसवतात.

ओळखायचं कसं? आधी शेवटचा ‘आन’ बाजूला काढा, मग पुढचा तुकडा काढा आणि उरलेला शब्द अर्थाला धरून आहे का ते बघा. ‘जुजुरान’ म्हणजे वराकडून वधूकडे दिली जाणारी रक्कम. ‘जु’ काढला तर ‘जुर’ उरतं, त्याचा या अर्थाशी काही संबंध नाही. मूळच ‘जुजुर’ आहे, इथे पुनरुक्ती झालेलीच नाही. उरलेला शब्द खरा निघाला तर उपसर्गाचा अर्थ लावून पाहा. ‘ता’ हा उपसर्ग आपोआप घडणाऱ्या क्रियेचा. ‘तातावा’, हसणे, यात तो बसतो. ‘तातांबा’ म्हणजे औषध, मूळ ‘तांबा’. वस्तूच्या नावात आपोआप घडण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ही पुनरुक्ती. तिच्यावर पुन्हा ‘बा’ चढतो : ‘बातातांबा’, औषधोपचार करून घेणे. सोलताना बाहेरचा थर आधी काढा. उलट गेलात की हाती निरर्थक तुकडे येतात.

प्रश्न : मग ‘सासिरांगान’ या प्रसिद्ध कापडाच्या नावात काय आहे?

‘सिरांग’ म्हणजे धावदोरा. पांढऱ्या कापडावर नक्षी आखतात, रेघेवरून धावदोरा घालतात, दोरा ओढून कापड चुण्यांनी घट्ट आवळतात आणि रंगवतात. दोरा उसवला की आवळलेल्या जागी रंग न पोचल्याने नक्षी उमटते. दोरा सैल राहिला तर रंग आत झिरपून रेघ पुसट होते.

नावाची प्रचलित फोड ‘सा’ म्हणजे एक, अधिक ‘सिरांग’, अशी आहे. आम्हाला ती तितकीशी पटत नाही. ‘एक धावदोरा’ या अर्थाने कापडाचं वर्णन होत नाही, आणि पहिल्या तुकड्याची पुनरुक्ती अधिक ‘आन’ हा साचा ‘लालाकियान’मध्ये समोर आहेच. पण ‘स’ने सुरू होणाऱ्या मुळात दोन्ही वाटा एकाच रूपाला पोचतात, तेव्हा केवळ रूपावरून निकाल देता येणार नाही.

प्रश्न : बांजारमासिनच्या मैत्रिणीच्या संदेशात ‘लाकास’पुढे २ हा आकडा होता. तो काय?

‘लाकास-लाकास’. जुन्या इंडोनेशियन लेखनात पुनरुक्तीसाठी २ लिहीत. १९७२च्या शुद्धलेखनाने औपचारिक लेखनातून तो काढून जोडरेघ सक्तीची केली. संदेशांत तो टिकून आहे. उपसर्ग असलेल्या शब्दात मात्र जपून वाचा : ‘बाजालान२’ म्हणजे ‘बाजालान-जालान’ (भटकणे), इथे फक्त मूळ शब्द दोनदा येतो, ‘बा’ एकदाच. पहिल्या तुकड्याची पुनरुक्ती या आकड्याने दाखवत नाहीत. ‘काकानाक’ सलगच लिहायचं, जोडरेघेशिवाय.