बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून व्हॉलीबॉलमध्ये करिअर करू पाहणाऱ्या मुलीला

अगं, उंचीचं एवढं मनावर घेऊ नकोस. बायकांचं नेट २.२४ मीटरचं, तेव्हा स्मॅश मारणाऱ्या स्पायकरला उंची लागते हे खरंच. पण लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू, नेटवर खेळतच नाही. तिचं काम मागच्या रांगेत समोरच्यांची सर्व्हिस आणि स्मॅश उचलायचं. १९९८ पासून ही जागा खेळात आली आणि तुझ्यासारख्या चपळ पोरींची सोय झाली. फक्त रिसीव्ह पक्कं हवं. रोज भिंतीवर अंडरआर्म मार, कंटाळा येईपर्यंत. आणि आल्यावरही.

आता पोटापाण्याचं. प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे, तिकडे बघून स्वप्नं रंगवू नकोस. आपल्या मुलींचा खरा आधार म्हणजे रेल्वेसारख्या ठिकाणची खेळाडू भरती. त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात, म्हणून पदवीला प्रवेश घेच. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात आलीस तर आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट उघडते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातोहात घे, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टशी जुळवून बघ. नंतर कोण धावणार ऑफिसांतून?

निवड चाचणी कर्नाटकचीच द्यायची आहे. घरात सीमाप्रश्नावर कितीही वाद होऊ देत, कोर्टवर स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या सेटरने कन्नडमध्ये हाक मारली की विचार करायला वेळ नसतो. बोलायला शीक, लाजू नकोस.

गुडघा दुखला तर तेल चोळून खेळत राहू नकोस, डॉक्टरांना दाखव. आईबाबा रात्रीच्या प्रवासाला नाही म्हणाले तर कोचना घरी चहाला बोलव. माझ्या भांडणापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला होता.