बॉल पायथन या अजगरांची जोडी दोनदा जुळली, तरी अंडी का नाहीत?

जुळणं दिसलं म्हणजे अंडी येतीलच असं नाही हो. मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, आणि अंगात ताकद नसेल तर तयार होऊ लागलेली अंडी शरीरातच जिरवून टाकते. आपण मात्र रोज डबा उघडून बघत बसायचं!

माझ्याकडे, ह्यूस्टनला, एका मादीने अंड्यांआधीची कात टाकली. तिथून साधारण महिनाभर लागतो, म्हणून इनक्युबेटर ३१ अंशांवर लावून ठेवला. आली सहा. त्यातली चार पिवळट, आक्रसलेली, म्हणजे फुकट. उरलेल्या दोघांवर अंधारात टॉर्च धरला तर आत लाल शिरांचं जाळं, म्हणजे जीव आहे! एक ४० व्या दिवशी बुरशीने गेलं. दुसऱ्यातून ५८ व्या दिवशी पिल्लू निघालं, तेही साधं तपकिरी. आईबाप दोघेही अल्बिनो (काळं-तपकिरी रंगद्रव्य नसलेल्या) जनुकाचे वाहक होते, पण चारात एक अल्बिनो हा हिशोब दर अंड्यागणिक नव्याने सुरू होतो.

मादी दीड किलोच्या आत असेल तर यंदा नर लावूच नका. आणि भारतात असाल तर वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर या जातीच्या पिल्लांच्या जन्माचीही नोंद करावी लागते, ते आधी बघा.