नव्या गाडीचा स्क्रीन काळा पडला तर

अरे, वॉरंटी आहे तोवर म्हापशातल्या ओळखीच्या वायरिंगवाल्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. बाहेरचा हॉर्न बसवताना एक वायर जरी कापली, तरी त्या सर्किटचा क्लेम नाकारायला कंपनीला निमित्तच मिळतं. स्क्रीन काळा पडला की लगेच व्हिडिओ घे, किलोमीटरचा आकडा दिसेल असा. वर्कशॉपात पोचल्यावर हे बिघाड हमखास शहाण्यासारखे वागतात. बॅटरीची वायर काढून बघू नकोस, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले एरर कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसले जाऊ शकतात. आपल्या पावसात कनेक्टरमध्ये ओल शिरून हिरवट गंज धरतो, तेही उघडून बघायला सांग. जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपात काम नोंदवतात त्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ नको, तक्रार तुझ्याच शब्दांत लिहून घे आणि प्रत घेतल्याशिवाय निघू नकोस. टोलवाटोलवी केली तर आधी ईमेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.