कुणाचा दाणा खाल्ला नाही, मग समाधान का नाही?

"सर, कुणाला फसवलं नाही, कुणाचा दाणा खाल्ला नाही. मग देवानं मलाच काहून असं ठेवलं?" हा प्रश्न माझ्याकडं वरचेवर येतो. विचारणारी माणसं बहुतेक सरळ असतात. लबाडाला देवाकडं हिशेब मागायचं सुचत नाही.

जालन्याच्या मोंढ्यातले एक मुनीम हेच घेऊन आले होते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पुढं भाव तुटतो. यंत्रावर ११ आला तरी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर १४ लिहा, असं आडत्यानं सांगितलं. यांनी ११च लिहिला. हंगाम संपताच काम गेलं. मुकाट १४ लिहिणाऱ्या जोडीदारानं बायपासला प्लॉट घेतला. "प्रार्थनेला बसलो की डोळ्यांपुढं तो प्लॉटच येतो," म्हणाले.

मी आधी झोप आणि भूक विचारली. ती उडाली असेल तर आधी डॉक्टर गाठावा. त्याला कुणी अविश्वास म्हणू नये. यांचं तसं नव्हतं. जेवण-झोप ठीक होती, धुसफूस मात्र अखंड. तक्रार देवाची आणि ऐकायची बायकोनं!

आम्ही बायबलमधलं ७३वं स्तोत्र काढलं. ते रचणारा आसाफ म्हणतो, दुर्जनांची भरभराट पाहून मला हेवा वाटला, मी मन उगाच शुद्ध ठेवलं. मुनीम तिथंच थांबले. असं बोलणं पाप, अशी त्यांची समजूत होती. मग दावीद राजाचं १७वं स्तोत्र वाचलं. देवा, तू रात्री माझं मन तपासलंस, तुला काही सापडलं नाही, असं दावीद म्हणतो. इतरांची पोटं भरलीत, लेकरांना पुरून नातवंडांनाही उरतंय, हेही तो कबूल करतो. स्वतःसाठी मात्र एवढंच म्हणतो, मी तुझं मुख पाहीन आणि जागा होईन तेव्हा तृप्त होईन.

आपली गल्लत इथं होते. सचोटी आपण देवाला उधार दिल्यासारखी धरतो आणि वसुली प्लॉटमध्ये मागतो.

मी विचारलं, "११ लिहिला त्या दिवशी काय झालं?"

"शेतकऱ्यानं पट्टी दोनदा वाचली, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातली. रात्री प्रार्थनेला बसलो तर मागायलाच काही सुचंना. नुसता बसून राहिलो."

"दावीद हेच मागत होता. तुम्हाला ते मिळालं होतं की!"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पुढं काय करायचं एवढंच ठरवलं: तक्रार बायकोपुढं न करता देवापुढं करायची, तीही मोठ्यानं, आसाफसारखी.

पगार अजून कमीच आहे. हेवाही अधूनमधून डोकं काढतो. मध्यंतरी जोडीदाराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं, तेव्हा फोन आला, "सर, जावं का?"

म्हटलं, "जा की. पोटभर जेवून या."